टाकळ्याचा पाला, काचेची बशी आणि गजकर्ण

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की पोलादपूरकडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर धो धो पाऊस आणि आत सतरंजीवर ओल्या पदराने बसलेल्या आया-बहिणी. गेल्या वर्षी एके दिवशी वाचन आटोपले, वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि एक ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “दादा, तुम्ही मुंबईला लॅबमध्ये होता ना? पोरीच्या कमरेला गजकर्ण झालंय. आमची सासू म्हणते टाकळ्याचा पाला चोळ, आणि मालक मेडिकलमधनं ट्यूब घेऊन आलेत. काय लावू?”

मी उत्तर देणार तोच लक्षात आले की त्यांच्या मागे आणखी चौघीजणी चपला घालायच्या थांबल्या आहेत. म्हणजे प्रश्न एका घराचा नव्हता.

गजकर्ण, नायटा, दाद अशी या रोगाची नावे पुष्कळ, पण कारण एकच, बुरशी. आपल्या कातडीचा वरचा थर, केस आणि नखे ज्या पदार्थाची बनलेली असतात तो पदार्थ खाऊन ही बुरशी जगते. तिला ऊब आणि ओल लागते. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात चार महिने दोन्ही फुकट मिळतात. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, अर्धवट ओली चड्डी, परकर, मोजे तसेच अंगावर चढतात. आवणीला गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्या बाईला आणि एम.आय.डी.सी.त बारा तास रबरी बूट घालणाऱ्या तरुणाला ही बुरशी सारखीच धरते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडमध्ये माणसे दिवसेंदिवस ओल्या कपड्यांत घराघरांतला चिखल उपसत होती. तेव्हाही घरचे औषध कोणते आणि दुकानातले कोणते, हीच विचारणा कानावर येई.

यात लाज धरण्यासारखे काही नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा रोग झाला होता. अंगातून पाझरणाऱ्या लशीमुळे चीवर अंगाला चिकटून बसे. भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. तथागतांनी ते पाहिले, काय झाले म्हणून विचारले, आणि अशा रोग्यांना औषधी चूर्ण वापरण्याची मुभा दिली. फोड आणि खाज असलेल्या भिक्खूंना आतून अंगाला घ्यायचे वेगळे वस्त्रही वापरू दिले. पूर्वजन्मीचे पाप नाही, विटाळ नाही. रोग आहे, तर औषध आणि स्वच्छ कापड. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजच्या त्वचारोगतज्ज्ञालाही मान्य होईल.

आता त्या सासूबाईंच्या टाकळ्याकडे वळू. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, बांधावर, शाळेच्या पटांगणात टाकळा उगवतो. विदर्भात याला तरोटा म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी आपण सगळेच खातो, आणि पूर्वी पोटाची खळगी तिनेच भरली जाई, हे जुन्या माणसांना सांगायला नको. याच टाकळ्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. माझी आजी थंडीत वाळलेल्या शेंगांतले बी काढून ठेवी आणि आंबट ताकात वाटून लावी. पावसाळ्यात बी नसे, तेव्हा पाला.

हे नुसते नावापुरते आहे का? नाही. १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या दोन भारतीय संशोधकांनी टाकळ्यातले बुरशी मारणारे मुख्य द्रव्य वेगळे काढून दाखवले. त्या द्रव्याचे कूळ आपल्या ओळखीचे निघाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट भुकटी विकली जाई. पोर्तुगीजांनी ती ब्राझीलमधून गोव्यात आणलेली होती, अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून ती काढीत. विकणारे मूळ सांगत नसत, भाव मात्र भारी लावीत. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तिची तपासणी केली तेव्हा तिच्यातले द्रव्य टाकळ्यातल्या द्रव्याचेच भाऊबंद निघाले. म्हणजे जहाजातून आलेल्या ज्या भुकटीला शहरात मोल होते, तिच्याच जातीचे औषध गावकुसाबाहेरच्या बांधावर फुकट उगवत होते.

पण थांबा. तीच गोवा पावडर कातडी भाजून काढी, डोळ्याला लागली तर डोळे सुजवी आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडी. बुरशी मारणारी वस्तू आणि माणसाला लावण्याजोगे औषध यांच्यात एवढे अंतर असते. ते अंतर कसे मोजतात, हे मी त्या संध्याकाळी विहारात जमिनीवर बोटाने गोल काढून समजावले. इथे जरा सविस्तर सांगतो.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला तिचे जेवण शिजवावे लागते. एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम साखर आणि १५ ते २० ग्रॅम अगर. हे अगर म्हणजे आपण जेलीसाठी आणतो ते चायना ग्रास. बटाट्याची साखरपेज म्हणा ना. प्रेशर कुकरच्या मोठ्या भावासारख्या यंत्रात १२१ अंशांवर १५ मिनिटे ती उकळून निर्जंतुक करायची आणि काचेच्या चपट्या बश्यांत ओतायची. थंड झाली की खरवसासारखी थिजते. तिच्यावर बुरशीचे बीज सारखे पसरायचे. मग ६ ते ८ मिलिमीटरची गोल भोके पाडायची आणि त्यांत वनस्पतीचा अर्क भरायचा. बशी उबेत ठेवून द्यायची. अर्कात दम असेल तर भोकाभोवती बुरशी उगवत नाही, स्वच्छ कडे दिसते. पट्टीने त्या कड्याचा व्यास मोजायचा. झाली चाचणी.

दिसायला सोपी, पण फसायला त्याहून सोपी. पहिली फसगत अर्काची. टाकळ्यातले ते द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाला पाण्यात ठेचून बशीत घातला तर कडे पडणार नाही, आणि कुणी म्हणेल टाकळा निकामी. अल्कोहोलमध्ये भिजवला तर द्रव्य उतरते, पण अल्कोहोल स्वतःच बुरशी मारते. मग बुरशी पाल्याने मेली की अल्कोहोलने? म्हणून त्याच बशीत एका भोकात नुसते अल्कोहोल घालावे लागते आणि आणखी एका भोकात क्लोट्रिमॅझोलसारखे माहीत असलेले औषध. या दोन भोकांशिवाय केलेली चाचणी म्हणजे वजने न ठेवता केलेला तराजू. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी अशा चाचण्या खूप पाहिल्या आहेत.

शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे तपासल्याशिवाय ठरवण्याची खोड महाडला नवी नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. पाण्याचा एक थेंब कुणी तपासला नव्हता. तपासला असता तर घागरींच्या आधीचे पाणी अधिक स्वच्छ निघाले असते!

दुसरी फसगत बुरशीची. बशीत कोणती बुरशी घेतली हे विचारायलाच हवे. भाकरीवर येणारी बुरशी दोन-तीन दिवसांत वाढते, म्हणून चाचणीला सोयीची. गजकर्णाची बुरशी वेगळी, ट्रायकोफायटॉन नावाची. तिला वाढायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून घाई असणारे तिच्या वाट्याला जात नाहीत. भाकरीवरची मेली म्हणून कमरेवरची मरेल असे नाही.

तिसरी गोष्ट कड्याच्या आकाराची. कडे मोठे म्हणजे औषध जोरदार, असे सरळ नसते. पातळ अर्क पेजेत लांबवर पसरतो, तेलकट अर्क जागचा हलत नाही. करंजाचे तेल या चाचणीत बिचारे मागे पडते, ते याचमुळे असू शकते. म्हणून पुढची पायरी अशी: अर्क निम्मा, पाव, दोन आणे असा पातळ करीत न्यायचा आणि कमीत कमी किती अर्कात बुरशी अडते ते पाहायचे. हे सगळे निदान तीनदा करायचे. एकदाच आलेल्या निकालाला आम्ही लॅबमध्ये लॉटरी म्हणत असू.

जीवकाची गोष्ट आपल्या मुलांनाही माहीत असते. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला सांगितले, योजनभर फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला, अशी एकही मिळाली नाही म्हणाला, आणि परीक्षेत उतरला. ही गोष्ट सांगून हल्ली कुणीही कोणताही पाला विकतो. पण जीवकाने काही प्रत्येक पाला प्रत्येकाच्या अंगाला चोळा असे सांगितले नव्हते. बिब्ब्याचे तेल, रुईचा चीक, चित्रकाचे मूळ, ठेचलेली लसूण ही सगळी बुरशीला जड जातात आणि आपल्या कातडीलाही. बिब्ब्याने भाजलेली मांडी घेऊन आलेला गडी मी पाहिला आहे. गजकर्ण राहिले बाजूलाच, त्याची जखम चिघळली. लिंबू चोळून किंवा बावचीचा लेप लावून उन्हात गेले तरी कातडी पोळते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लहान मुलांच्या अंगाला, जांघेत, चेहऱ्यावर यांतले काहीही लावू नका.

बशीत खरी ठरलेली वनस्पती माणसावर कशी वागते याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. तिथल्या आदिवासींचे जुने औषध, टी ट्री नावाच्या झाडाचे तेल. बशीत ते बुरशी मारते यात वाद नव्हता. १९९२ मध्ये पायाच्या बुरशीच्या, आपण चिखल्या म्हणतो त्या प्रकारच्या, १०४ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. काहींना या तेलाचे १० टक्क्यांचे मलम दिले, काहींना टोलनाफ्टेट हे नेहमीचे औषध, काहींना औषध नसलेले नुसते मलम. कुणाला काय मिळाले ते सांगितले नाही. तेलवाल्या १०० पैकी ६५ जणांना बरे वाटले, औषधवाल्या ५८ जणांना. तेल जिंकले म्हणायचे? मग पायाची साल काढून बुरशी वाढवून पाहिली. औषधवाल्या १०० पैकी ८५ जणांची बुरशी गेली होती, तेलवाल्यांपैकी फक्त ३० जणांची, आणि नुसते मलम लावणाऱ्या २१ जणांची. खाज थांबली होती, बुरशी तिथेच होती. पुढे २००२ मध्ये तेच तेल ५० टक्के प्रमाणात वापरले तेव्हा ६४ टक्के रोग्यांची बुरशी गेली, तेल नसलेल्या नुसत्या द्रावणाने ३१ टक्क्यांची. पण काहींची कातडी त्या तेलाने सोलवटली.

खाज गेली म्हणजे रोग गेला असे नाही. हे वाक्य मी त्या ताईंना दोनदा सांगितले, कारण त्यांच्या मालकांनी आणलेल्या ट्यूबचा सगळा खेळ त्यावरच होता.

ती ट्यूब मी मागवून घेतली आणि विहारातल्या दिव्याखाली वाचली. एका मलमात तीन औषधे. बुरशीचे एक, जंतूंचे एक आणि तिसरे क्लोबेटासॉल. हे तिसरे म्हणजे जोरदार स्टेरॉइड. लावले की दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, माणूस दुकानदाराला दुवा देतो. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपवते. बुरशी आत आरामात पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते, मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. कातडी पातळ होते, मांड्यांवर आणि काखेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वण पडतात, आणि ते जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरी दुकानात हात पुढे केला की ट्यूब मिळते.

देशभर गजकर्ण हट्टी होऊन बसले आहे, त्यात या ट्यूबांचा आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचा मोठा हात असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रोग्यांच्या अंगावर सापडलेल्या एका बुरशीला नवे नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती सहसा दाद देत नाही. म्हणूनच टाकळ्यासारख्या वनस्पतींची नीट परीक्षा होणे आज गरजेचे झाले आहे. जुनी औषधे बोथट होत असताना नवी कुठून तरी यायला हवीत.

महाडला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे, पोलादपूरलाही महाविद्यालय आहे. आपली मुले तिथे विज्ञान शिकतात. प्रकल्पाचा विषय काय घेऊ असे मुलगा विचारील तेव्हा त्याला आजीकडे पाठवा. आजी कोणता पाला, कोणत्या महिन्यात, कशात वाटून लावते, ते तारीख, गाव आणि आजीचे नाव घालून वहीत उतरवा. आजीला विचारल्याशिवाय मात्र नको, ज्ञान तिचे आहे. गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीतही ते नोंदवून घ्या. २००२ च्या कायद्याने अशी समिती आणि अशी नोंदवही ठेवायची असते.

या नोंदीला किती वजन असते ते कडुनिंबाने दाखवले. निंबोळीच्या तेलाने पिकावरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि ग्रेस नावाची कंपनी यांनी १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळवले. आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते, एवढ्या म्हणण्यावर ते पेटंट हलले नाही. कामाला आली ती अभय फडके या उद्योजकाची साक्ष. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबोळी अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, त्याची. कोणते शेत, कोणते वर्ष, कोणता अर्क हे सांगता आले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले, आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या वस्त्यांतल्या सुईणींचे, वैदूंचे, आज्यांचे ज्ञान लिहायला त्या काळी आपल्या हातात पाटी-पेन्सिलच येऊ दिली नव्हती. आता नातवंडे पदवीधर आहेत, तेव्हा वही कोरी राहायला नको.

चाचणी होईल तेव्हा होईल. तोवर घरात गजकर्ण असेल तर काय करायचे, ते सांगतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात दाखवा. चट्ट्याची कड हलकेच खरवडून, पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते बहुधा थोड्या वेळात कळते. चट्टा फिकट आहे, खाजत नाही आणि टाचणी टोचलेली कळत नाही, असे असेल तर ते गजकर्ण नसून कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. त्यावर पाला चोळत वर्ष घालवू नका.

गजकर्णच असेल तर डॉक्टरांनी दिलेले साधे बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहायचे. डोक्यातल्या, नखांतल्या किंवा अंगभर पसरलेल्या गजकर्णाला मलम पुरत नाही, गोळ्या लागतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांतले एखादे नाव दिसले तर ती परत करा. अक्षर बारीक असते, शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध करायचे, नाहीतर बुरशी या अंगावरून त्या अंगावर फिरत राहते. टॉवेल, चड्डी, परकर प्रत्येकाचे वेगळे, गरम पाण्यात धुतलेले. ऊन नसेल तर आतून-बाहेरून इस्त्री फिरवा, पातेल्यात निखारे घालून फिरवली तरी चालते. परकराची नाडी जिथे आवळते तिथेच घाम साचतो, म्हणून घरी आल्यावर कपडे बदलून ती जागा कोरडी करा. चाळिशीपुढच्या माणसाला पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

त्या ताई मुलीला घेऊन दोन दिवसांनी दवाखान्यात गेल्या. खरवडीत बुरशी निघाली. चौकशी केली तेव्हा सासूबाईंच्या कमरेलाही तेच होते, वर्षभर त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. दोघींना एकदम मलम सुरू झाले. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला त्या दिवशी सासूबाई विहारात भेटल्या. चट्टे गेले होते. पण टाकळ्याची बाजू त्यांनी सोडली नव्हती. पदराच्या गाठीतून मूठभर वाळत आलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या त्या बशीत घालून बघा आधी. आणि वहीत नाव माझं लिवा.”